होळीनंतर गिझरकडे कोण बघतो?

चंद्रपूर-गडचिरोलीत गिझरचा हंगाम जेमतेम तीन-चार महिन्यांचा. दिवाळीनंतर थंडी पडली की बटण दाबले जाते आणि होळी झाली की बंद होते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर गेला की गच्चीवरच्या काळ्या टाकीचेच पाणी अंगावर घेववत नाही, मग गिझरची आठवण कुणाला येणार? पण बटण बंद केले म्हणून गिझर रिकामा होत नाही. उरलेले आठ महिने तो भरलेलाच असतो. गच्चीवरच्या टाकीचा दाब त्याच्यावर असतो आणि आतून गंजही चढत असतो. घराचे नुकसान होते ते या विसरलेल्या महिन्यांत.

गावाकडचा बंब या बाबतीत बरा. तो अंगणात असतो. गळला की खालची राख भिजते आणि तेव्हाच कळते. बंबाची खरी अडचण सरपणाची, आणि सरपणासाठी वाघाच्या जंगलात जावे लागते. म्हणूनच वाइल्डलाइफ कन्झर्वेशन ट्रस्टने चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या गावांत कमी लाकडावर चालणारे बंब पोहोचवले. गिझर मात्र छताजवळ, कधी माळ्यावर सामानाच्या आड टांगलेला. तो गळतो तेव्हा पाणी आधी भिंत पिते, मग दिसते.

सेकंदाला एक थेंब ही गळती कुणी मनावर घेत नाही. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाचे चार लिटरहून जास्त पाणी होते, महिन्याचे सुमारे १३० लिटर. एवढे पाणी मुरल्यावर रंगाचे पोपडे निघतात, स्लॅबमधली सळई गंजते, आणि ओलीच्या वाटेने वाळवी चौकटीपर्यंत पोहोचते. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी ज्या चंद्रपूर-गडचिरोलीतून २०२३ मध्ये सागवान गेले, तिथेही दार वाळवीपासून सुरक्षित आहे असे समजू नये. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण बाहेरचे पांढरे लाकूड ती पोखरते.

गळती दिसली की आधी गिझरचा एमसीबी पाडायचा. ओली भिंत आणि वीज यांचा मेळ जिवावर बेततो. त्यानंतर पाणी नेमके कुठून येते ते पाहायचे. तापताना सेफ्टी वाल्व्हमधून चार थेंब पडले तर घाबरू नये. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापले की साधारण ३५० मिलिलिटरने फुगते, आणि त्या वाढीव पाण्याला कुठेतरी वाट लागते. हा वाल्व्ह गळतो म्हणून त्याचे तोंड बुजवणे हा सर्वांत धोक्याचा उपाय. दाब कोंडला तर टाकी फुटू शकते. त्याला एक बारीक नळी जोडून ती मोरीत सोडली की काम झाले. गिझर थंड असतानाही वाल्व्ह वाहत असेल तर तो बदलावा. पाणी जोडणीच्या नळीपाशी झिरपत असेल तर वॉशर किंवा नळी बदलून भागते. पण कव्हरच्या तळातून तांबूस पाणी ठिबकत असेल तर बहुधा आतली टाकीच गेली. तिथे एम-सील लावणे म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही वाया.

टाकी वाचवणारी वस्तू आतच असते. मॅग्नेशियमची एक कांडी, मेकॅनिक तिला ॲनोड रॉड म्हणतात. गंज टाकीऐवजी या कांडीला खातो. कांडी संपली की टाकीची पाळी. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात ती लवकर झिजते, म्हणून जिथे नळाऐवजी बोअरचे पाणी चढते तिथे दर हिवाळ्याआधी ती उघडून बघावी. कॉइलवरचा पांढरा थर त्याच वेळी काढून घ्यावा. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर ठेवला की क्षार जास्त धरतो. आंघोळीला तेवढ्या तापमानाची गरजही नसते.

होळीला काय करायचे ते सोपे आहे. एमसीबी पाडा, गिझरकडे जाणारा थंड पाण्याचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ क्षणभर उघडून दाब सोडा. उन्हाळ्यात मुलांना घेऊन गावी जाणाऱ्या कुटुंबांनी तर हे कुलूप लावण्याआधी केलेच पाहिजे. बंद घरात नळी फुटली तर गच्चीवरची हजार लिटरची टाकी खाली होते, आणि तिच्यावर फ्लोट असेल तर ती पुन्हा भरून पुन्हा वाहते. दिवाळीनंतर सुरू करताना आधी कॉक उघडावा, गरम नळातून सलग धार येऊ द्यावी आणि मगच बटण दाबावे, नाहीतर कोरडी कॉइल जळते. तुमच्या गिझरचा हा कॉक कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला आजच दाखवून ठेवा.