वळवाचा ढग आणि डिंभ्याचे पाणलोट

आंबेगाव तालुक्यातील घोड नदीवरच्या डिंभे धरणाचा जलाशय, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागर, मे महिन्यात सर्वांत उतरलेला असतो. त्या दिवसांत पूर येण्याची शक्यता कोणाच्या मनात येत नाही, कारण पूर म्हटला की धरणाचे दरवाजे आणि नदीपात्रातील विसर्ग एवढेच डोळ्यांसमोर उभे राहते. वळवाच्या पावसाचा धोका मात्र धरणाच्या पातळीवर अवलंबून नसतो; तो नदीला मिळणाऱ्या लहान ओढ्यांत असतो आणि तेथे तो तासाभरात निर्माण होऊन तासाभरात ओसरतोही.

उन्हाळ्यात सह्याद्रीचा उघडा काळा कातळ दुपारपर्यंत तापतो, त्याला टेकलेली हवा हलकी होऊन वर चढू लागते आणि अरबी समुद्रावरून घाट चढून आलेली दमट हवा तिला येऊन मिळते. वर जाताना हवा थंड होते, तिच्यातील बाष्पाचे थेंब बनतात आणि बाष्प द्रवरूप होताना बाहेर पडणारी सुप्त उष्णता त्याच हवेला आणखी वर ढकलते. वरच्या थरांत हवा पुरेशी थंड असेल, तर ढग बारा किलोमीटर किंवा त्याहूनही उंच वाढतो. त्याच्या मधल्या भागात हिमकण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात. बहुधा हलके हिमकण धनभार घेऊन माथ्याकडे जातात, जड गारांवर ऋणभार उरतो आणि या दोहोंतील ताण हवेला असह्य झाला की वीज चमकते. पावसाआधी सुटणारा गार, धुळीचा वारा हाही ढगाचाच भाग होय, कारण पडता पडता थेंबांचे बाष्पीभवन होऊन थंड व जड झालेली हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. हाच वारा पुढच्या उष्ण हवेला उचलून नवा ढग उभा करू शकतो. एक ढग साधारण तासाभरात संपतो. परंतु एकाच खोऱ्यावर असे ढग एकामागून एक उभे राहिले, तर पूर येतो.

यातील प्रमाण समजून घेण्याजोगे आहे. दहा चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५ लाख घनमीटर पाणी जमा होते. सुमारे साडेतेरा टीएमसी, म्हणजे साडेतेरा अब्ज घनफूट, क्षमतेच्या डिंभे धरणाच्या हिशेबात हे पाणी साडेसातशेव्या भागाहूनही कमी भरते. मात्र त्यातील निम्मे जरी तासाभरात ओढ्यातून वाहिले, तरी तेथे सरासरी सुमारे अडीच हजार क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला अडीच हजार घनफुटांचा, लोंढा येतो. कातळ आणि उन्हाने कडक झालेली माती यांत पाणी चटकन मुरत नाही, हेही येथे विसरता येत नाही.

पावसाळ्यातील संकटाची रीत वेगळी असते. ३० जुलै २०१४ रोजी याच परिसरातील माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली; तेथे जोरदार मोसमी पावसाने डोंगराची माती भिजून जड व सैल झाली होती. या दोन ऋतूंमधील सीमा नेहमीच ठरल्या तारखेला येते असेही नाही: २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजीच महाराष्ट्रात पोहोचला. अशा वर्षी शेतातला कांदा बराखीत जाण्यापूर्वी आणि डोंगरातला बाळहिरडा वाळण्यापूर्वीच भिजण्याचा धोका वाढतो.

विजेचा इशारा देण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप उपलब्ध केले आहे आणि मोकळ्या रानात काम करणाऱ्यांसाठी ते खरोखर मोलाचे आहे. पावसाच्या मोजणीत मात्र मोठी उणीव राहते. शासकीय निकषानुसार अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेल्यास. परंतु मंडळात अनेक गावे असतात आणि वळवाचा गाभा काही चौरस किलोमीटरचाच असू शकतो. त्यामुळे एखाद्या वाडीचे बांध वाहून गेले, तरी मंडळाच्या पर्जन्यमापकात जेमतेम काही मिलिमीटर पाणी सापडते. डोंगराळ पश्चिम पट्ट्यात ओढ्यांच्या उगमाजवळ स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, तर नुकसानीची नोंद खरी होईल आणि खालच्या वस्तीला लोंढ्याआधी काही मिनिटे तरी मिळतील.