तोंडी हुकमाची पंचवीस वर्षे

दूर कोठेतरी वातानुकूलित दालनात अहोरात्र चालणाऱ्या सर्व्हरचा सारा कारभार आपल्या टेबलावरच्या ब्राउझरमध्ये एक पान उघडून, दोन-चार बटणे दाबून हाकता यावा, ही सोय आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही जन्मकाळ, उमेदीचा काळ आणि उताराचा काळ आहे, याचे भान या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सहसा नसते. म्हैसूरच्या वायव्येला, हेब्बाळ औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या विजयनगरात बिऱ्हाड करून ज्यांनी या तिन्ही अवस्था नोकरीच्या ओघात पाहिल्या, त्यांपैकी प्रस्तुत लेखक एक असल्यामुळे, त्या काळाचा हिशेब एकदा नीट मांडून ठेवावा, एवढ्याच हेतूने हा मागोवा घेतला आहे.

विजयनगर म्हटले की तुंगभद्रेकाठचे साम्राज्य ज्यांच्या डोळ्यांपुढे येते, त्यांना सांगितले पाहिजे की या विजयनगराचा हंपीशी संबंध नाही; आखीव रस्त्यांची, ‘स्टेज’ या इंग्रजी नावाने क्रमवार वाढत गेलेली, योगनरसिंहस्वामींच्या मंदिरामुळे गावाबाहेरच्यांनाही ठाऊक असलेली ही म्हैसूरची एक उपनगरी वस्ती आहे. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या इन्फोसिसने हेब्बाळला जे विस्तीर्ण प्रशिक्षण-आवार उभारले, आणि ज्यातील दुसऱ्या शिक्षणकेंद्राचे उद्घाटन २००९ साली सोनिया गांधी यांच्या हस्ते झाले, त्या आवारामुळे आणि त्याच्या आसपास वाढलेल्या लहानमोठ्या कंपन्यांमुळे पुण्या-नागपूरची, कोल्हापूर-बेळगावची मराठी मुले या बाजूला येऊ लागली, आणि त्यांतली काही येथेच स्थायिक झाली. त्यांच्यापैकी ज्यांच्या वाट्याला ‘सपोर्ट’चे काम आले, त्यांचा दिवस अमेरिकेच्या घड्याळावर चाले, आणि त्या रात्रपाळीचे मुख्य साधन म्हणजे सर्व्हरचे ॲडमिन कन्सोल, अर्थात आरंभी सांगितलेले ते ब्राउझरमधले पान.

कन्सोल येण्यापूर्वीची स्थिती अगदी निराळी होती. अपाची या वेब सर्व्हरची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर १९९५ मध्ये निघाली. तिची सारी घडी साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेली असे, आणि ती बदलायची तर टर्मिनलवरून यंत्रात शिरून, ‘व्हीआय’सारख्या रूक्ष संपादकात ओळ शोधून, ती बदलून, सर्व्हर पुन्हा चालू करावा लागे. एखादा कोनी कंस विसरला तर सर्व्हर उठतच नसे. त्यामुळे हे काम जाणणारे थोडे असत आणि त्यांचा दरारा मोठा असे. पण या कठोर पद्धतीत एक गुण असा होता की जे काही ठरले होते ते एका ठिकाणी, अक्षरांत, वाचता येईल असे लिहिलेले होते. या गुणाची किंमत पुढे पुष्कळ वर्षांनी कळायची होती.

१९९६ साली आलेले सीपॅनेल आणि १९९७ साली जेमी कॅमेरॉन याने पर्ल भाषेत लिहिलेले वेबमिन या दोहोंमुळे हा दरारा ओसरायला प्रारंभ झाला. वेबमिनसाठी १०००० हा पोर्ट ब्राउझरमध्ये टाइप केला की वापरकर्ते, डिस्क, नियोजित कामे, वेब सर्व्हर अशी सारी खाती एकेका चित्राच्या रूपाने समोर मांडलेली दिसत, आणि ज्याने जन्मात टर्मिनल पाहिला नाही असा मनुष्यही दहा मिनिटांत एखादे नवे खाते उघडू शके. वेबलॉजिक, वेबस्फियर आणि पुढे ग्लासफिश या बड्या ॲप्लिकेशन सर्व्हरांनीही आपापली कन्सोले दिली. ७००१, ९०६०, ४८४८ हे त्यांचे पोर्ट सपोर्टवाल्यांना घरच्या फोन नंबराइतके पाठ असत. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन याच्या हातून घडलेला आणि १९९९ साली अपाचीच्या छत्राखाली आलेला टॉमकॅट ८०८० वर बसे.

तथापि ज्याला वेब सेवांचा सर्व्हर म्हणता येईल, तो या शतकाच्या आरंभीच्या एका मोठ्या आशेतून जन्मला. एका संस्थेच्या संगणकाने दुसऱ्या संस्थेच्या संगणकाला, भाषा आणि बनावट भिन्न असूनही, ठराविक नमुन्याचा एक्सएमएल खलिता पाठवावा आणि त्याचे उत्तर मिळवावे, ही ती आशा. या खलित्याचा नमुना ठरवणाऱ्या सोपचा १.१ हा मसुदा मे २००० मध्ये आणि सेवेचे वर्णन करणाऱ्या डब्ल्यूएसडीएलचा १.१ मसुदा मार्च २००१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने टिपणांच्या रूपाने प्रसिद्ध केला. अशा सेवा चालवणारे अपाचीचे ॲक्सिस २००२ साली आणि सर्वस्वी नव्याने लिहिलेले ॲक्सिस२ मे २००६ मध्ये आले. या उद्योगात श्रीलंकेच्या अभियंत्यांचा वाटा मोठा होता. संजीव वीरवरण आणि पॉल फ्रीमँटल यांनी २००५ साली स्थापन केलेली डब्ल्यूएसओटू ही कंपनी कोलंबोत वाढली. आणि हवाई अंतर मोजले तर कोलंबो म्हैसूरला मुंबईपेक्षाही जवळ आहे. पाश्चात्त्य कंपन्यांच्या उत्पादनांची सवय झालेल्या आम्हांला, ज्या सर्व्हरवर आपण रात्र घालवतो तो शेजारच्या बेटावर घडला, याचे मोठे अप्रूप वाटे.

त्या कन्सोलवरचे काम कसे चाले, हे थोडे जवळून पाहण्याजोगे आहे. ॲक्सिस२च्या ॲडमिन पानावर लॉग-इन केले की डाव्या बाजूला उभी यादी येई. सेवेची ‘एएआर’ फाइल अपलोड करावी, क्षणभर थांबावे, आणि उपलब्ध सेवांच्या यादीत तिचे नाव शोधावे. ते तेथे दिसले, त्याखाली तिच्या क्रियांची नावे दिसली आणि नावावर टिचकी मारताच डब्ल्यूएसडीएल उलगडले, की काम फत्ते. पण कधी ते नाव त्या यादीत न येता खाली तांबड्या अक्षरांतल्या ‘फॉल्टी सर्व्हिसेस’ या मथळ्याखाली जाऊन बसे, आणि मग त्यावर टिचकी मारून जावाचा तो हातभर लांब त्रुटीलेख वाचत बसावे लागे. बहुधा त्याचे मूळ एखाद्या राहून गेलेल्या ‘जार’ फाइलीत सापडे. सुरक्षेचे वा विश्वासार्ह निरोपाचे मोड्यूल सेवेला जोडायचे तर यादीतून निवडून एक बटण दाबले की जोडले जाई. मात्र येथे एक खुबी होती. हे चालत्या सर्व्हरवर जोडलेले मोड्यूल केवळ स्मृतीत राही. सर्व्हर बंद होऊन पुन्हा उठला की ते नाहीसे होई, आणि ज्याने ते जोडले तो रजेवर असेल तर सेवा कालपर्यंत चालत होती ती आज का नाकारते, याचा उलगडा होत नसे. डब्ल्यूएसओटूच्या सर्व्हरने ही उणीव ओळखून बदल टिकवून ठेवण्याची व्यवस्था केली. त्याच्या ९४४३ पोर्टवरच्या कन्सोलात प्रत्येक सेवेला किती विनंत्या आल्या, सरासरी किती वेळात उत्तर गेले, याचे आलेख दिसत, आणि ‘ट्राय इट’ म्हटले की तेथल्या तेथे सेवेची परीक्षा घेता येई.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची डेटावन ही ब्रॉडबँड सेवा आली आणि २५६ केबीपीएसच्या त्या तारेवरून हेच पान विजयनगरच्या घरातून उघडणे शक्य झाले. पान सावकाश उतरे, आलेख तर पुष्कळदा अर्धवटच येई. परंतु मध्यरात्री रिकाम्या रस्त्यांतून हेब्बाळपर्यंत दुचाकी हाकण्यापेक्षा ते बरे होते. कन्सोलचा हा उमेदीचा काळ. सर्व्हरची विद्या मूठभरांच्या मुठीतून सोडवून, पदवी घेऊन नुकत्याच आलेल्या मुलामुलींच्या हाती त्याने दिली, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. या उदारतेत मात्र दोन दोष दडलेले होते, आणि त्यांपैकी पहिला लवकरच चव्हाट्यावर आला.

जे द्वार कारभाऱ्याला जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून उघडता येते, ते चोरालाही येते. ॲक्सिस२ सोबत येणारे नाव ‘ॲडमिन’ आणि सांकेतिक शब्द ‘ॲक्सिस२’ हे कितीएक ठिकाणी तसेच राहिले, आणि २०१० साली ही गोष्ट सीव्हीई क्रमांकानिशी असुरक्षिततेच्या जागतिक यादीत नोंदली गेली, कारण अशा पानावरून कोणीही आपल्या पसंतीची ‘एएआर’ फाइल चढवून यंत्राचा ताबा घेऊ शके. जेबॉस या आणखी एका ॲप्लिकेशन सर्व्हरच्या जेएमएक्स कन्सोलातील फटीची दुरुस्ती एप्रिल २०१० मध्ये उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती लावली नाही त्यांच्या सर्व्हरांत ऑक्टोबर २०११ मध्ये एक कृमी शिरला. फेब्रुवारी २०१८ मध्ये टेस्ला कंपनीचे, कुबर्नेटिस या सर्व्हरसमूह हाकणाऱ्या साधनाचे कन्सोल सांकेतिक शब्दाविना उघडे सापडले आणि परक्यांनी तिच्या यंत्रांवर चोरून आभासी चलन उत्खनन केल्याचे उघड झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये वेबलॉजिकच्या कन्सोलात असा दोष आढळला की पत्त्यात थोडी हातचलाखी केली तर लॉग-इनची आवश्यकताच उरत नसे. या प्रहारांतून सर्व्हर रचणारे शहाणे झाले. टॉमकॅटने सातव्या आवृत्तीत व्यवस्थापकाची एकहाती मुखत्यारी मोडून तिचे चार अधिकार केले, त्यांतला एक तर केवळ स्थिती पाहण्यापुरता. आणि जेबॉसच्या ७.१ या आवृत्तीपासून वापरकर्ता स्वतः नेमल्याखेरीज कन्सोल उघडेनासे झाले.

दुसरा दोष चोरांशी नव्हे, घरच्याच माणसांशी संबंधित असल्यामुळे अधिक उशिरा ध्यानात आला. एका परदेशी ग्राहकाच्या सर्व्हरवर आमच्या पाळीपूर्वी कोणीतरी डेटाबेसच्या जोडण्यांची कमाल मर्यादा कन्सोलमधून खाली आणून ठेवली होती. दुपारपर्यंत काही जाणवले नाही. सायंकाळी तिकडचा व्यवहार वाढताच सेवा एकामागून एक अडखळू लागल्या. मर्यादा काय आहे हे कन्सोल सांगत होते. ती पूर्वी किती होती, कोणी बदलली, कोणाच्या अनुमतीने आणि कशासाठी, यांपैकी काहीही त्या पानावर नव्हते. तीन देशांतील माणसे फोनवर एकमेकांना हाच प्रश्न विचारीत राहिली, आणि अखेरीस दुसऱ्या एका सर्व्हरवरची संख्या पाहून, अंदाजाने ती पूर्ववत करण्यात आली. बटण दाबणे म्हणजे तोंडी हुकूम देणे होय. तो तत्काळ बजावला जातो, परंतु त्याची बारनिशी होत नाही, त्याची नक्कल दप्तरी राहत नाही, आणि हुकूम देणारा बदलून गेला की त्यामागची मसलतही त्याच्याबरोबर जाते.

कारभार लेखी असावा, ही जाण या शहराला तरी नवी नाही. म्हैसूरच्याच प्राच्य ग्रंथालयात १९०५ साली आर. शामशास्त्री यांच्या हाती कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी आली आणि १९०९ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात राज्याच्या नोंदी व हिशेब सांभाळणाऱ्या अक्षपटलाचे एक प्रकरण आहे, आणि राजाचे लेखी शासन कसे असावे, त्यात अर्थाचा क्रम, परिपूर्णता व स्पष्टपणा कसा असावा, यांसाठी आणखी एक. मराठ्यांच्या दप्तरांतही चिटणिसाने लिहिले, फडणिसाने नोंदले आणि मग शिक्का झाला, असा हुकमाचा प्रवास असे. ही सारी उस्तवार विलंब लावी खरी, पण वर्षांनंतरही अमुक हुकूम का निघाला याचा माग काढता येई.

संगणकाच्या जगाने हीच वाट स्वतंत्रपणे, ठेचा खात शोधली. पपेट २००५ साली, शेफ २००९ साली, अँसिबल २०१२ साली आणि टेराफॉर्म २०१४ साली आले, आणि या सर्वांचा आग्रह एकच, की सर्व्हर कसा असावा हे फाइलीत लिहावे, ती फाइल बदलांचा इतिहास जपणाऱ्या ‘गिट’मध्ये ठेवावी, दुसऱ्याने ती तपासावी आणि मगच यंत्राने ती अमलात आणावी. डॉकर २०१३ साली व कुबर्नेटिस २०१४ साली अवतरल्यावर तर एकेका सर्व्हरला हाताने सजवण्याचे प्रयोजनच मावळले. बिघडलेला सर्व्हर दुरुस्त करण्याऐवजी तो टाकून लेखी वर्णनावरून नवा उभा करणे सोपे झाले. वेब सेवांची जुनी आशाही या अवधीत बदलली होती. सेवांची जागतिक नोंदवही म्हणून आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप चालवीत असलेली सार्वजनिक यूडीडीआय २००६ च्या जानेवारीत बंद झाली, आणि रॉय फील्डिंग याने २००० साली आपल्या प्रबंधात मांडलेल्या रेस्ट या साध्या शैलीने नव्या कामांतून सोपला मागे सारले. बँकांच्या व विम्याच्या जुन्या व्यवस्थांत सोप अजून नांदत आहे, पण उमेद संपल्यानंतरचे ते नांदणे आहे.

याचा अर्थ कन्सोल निरुपयोगी ठरले असा नव्हे. ॲमेझॉनने आपल्या क्लाउडसाठी जानेवारी २००९ मध्ये दिलेले वेब कन्सोल आज असंख्य लोक रोज उघडतात, आणि नवशिक्याला एखादी व्यवस्था समजून घ्यायची तर तिच्या सर्व अंगांचे एकत्र दर्शन घडवणारे दुसरे साधन नाही. परंतु कर्तृत्वाचे स्थान म्हणून त्याचे दिवस सरले. डिसेंबर २०२४ मध्ये निघालेल्या वेबलॉजिकच्या १४.१.२ या आवृत्तीत तर सर्व्हरमध्येच वसणारे ते जुने कन्सोल काढूनच टाकण्यात आले असून, आता त्याऐवजी स्वतंत्र ‘रिमोट कन्सोल’ वापरावे लागते. ज्या पिढीने ७००१ वर रात्री काढल्या तिला याचे थोडे वाईट वाटेल; पण निर्णय योग्यच आहे.

हेब्बाळला आज जी मुले प्रशिक्षणासाठी दाखल होत आहेत, त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती कोठल्या ना कोठल्या जुन्या सर्व्हरचे कन्सोल पडणारच आहे, म्हणून त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. हाती येताच प्रथम सोबत आलेला सांकेतिक शब्द बदला. ते पान सार्वजनिक जाळ्यावरून उघडत असेल तर बंद करा. व्हीपीएनमधून उघडले तरी पुरते. स्थिती पाहण्यासाठी कन्सोल खुशाल दिवसभर उघडे ठेवा, पण बदल करायचा तो फाइलीत करा, आणि कमिट करताना काय बदलले यापेक्षा का बदलले ते लिहा. कारण काय बदलले हे यंत्र सांगू शकते, का बदलले हे तुमच्यावाचून कोणीही सांगू शकणार नाही.