अफवेचा उगम आणि विद्यापीठाचे मौन

विद्यापीठावर एखादे संकट कोसळले, निकाल रखडला, प्रश्नपत्रिका फुटली किंवा परीक्षेच्या ऐन वेळी संगणकयंत्रणा बंद पडली, की पदाधिकाऱ्यांच्या आणि पुष्कळदा सुजाण पालकांच्याही तोंडून एक विधान ऐकू येते : मूळ गोष्ट किरकोळ होती, समाजमाध्यमांनी तिचा भडका केला. भिवंडीतील पदवी महाविद्यालये ज्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याचाच अलीकडचा इतिहास पाहिला तर हा समज किती निराधार आहे हे ध्यानी येते.

१८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांपासून सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम अमलात आणली. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिकांची छायाचित्रे घेणे, त्यांवरील सांकेतिक पट्ट्यांची जुळणी करणे आणि हजारो प्राध्यापकांना नव्या यंत्रणेची सवय लावणे, ही सारी तजवीज परीक्षा संपत आल्यावरही अपुरी होती. त्याच वर्षी अमलात आलेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निकालासाठी तीस, आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांची मर्यादा घातली असताना, निकाल महिनोन्‌महिने लांबले, कुलपती चे. विद्यासागर राव यांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली. उत्तरपत्रिका गहाळ झाल्याच्या आणि गुणांची सरमिसळ झाल्याच्या तक्रारी आल्या. आणि अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. यांतील एकही गोष्ट मोबाईलच्या पडद्यावर जन्मलेली नव्हती. संकट दप्तरात जन्मले. समाजमाध्यमांवर फक्त त्याचा आक्रोश उमटला, आणि तो उमटणे स्वाभाविक होते, कारण परदेशातील किंवा परराज्यातील प्रवेशाची तारीख ज्याच्या डोळ्यांदेखत निघून चालली होती त्या विद्यार्थ्याला आपले गाऱ्हाणे मांडण्याची दुसरी जागाच ठाऊक नव्हती.

याच प्रकरणावरून दुसराही एक समज तपासून घेता येतो. सर्व माहिती हाती येईपर्यंत गप्प राहावे, आणि बोलायचेच तर लोकांना दिलासा वाटेल अशी तारीख सांगून टाकावी, यालाच अनेक कचेऱ्यांत मुत्सद्दीपणा समजले जाते. वास्तविक जाहीर केलेली तारीख चुकली की पुढच्या प्रत्येक तारखेची किंमत घटते, आणि अधिकृत खुलाशावरचा विश्वास उडाला की कोणा अज्ञाताने रचलेले बनावट परिपत्रकही तितकेच खरे वाटू लागते. कोणत्या शाखेच्या किती उत्तरपत्रिका तपासून झाल्या, किती उरल्या आणि पुढील माहिती कोणत्या दिवशी मिळेल, एवढे जरी रोज सायंकाळी सांगितले, तर निकाल लवकर लागत नसला तरी विद्यार्थी अंधारात राहत नाही.

टाळेबंदीच्या वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, याच विद्यापीठाच्या दूर व मुक्त अध्ययन संस्थेच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षेत यंत्रणा कोलमडली, आणि तो सायबर हल्ला असल्याचे विद्यापीठाने सांगितले. कारण सांगणे आवश्यकच आहे. पण कारण कळले म्हणजे विद्यार्थ्याचे समाधान झाले, असे मानणे चूक आहे. दिवसभर नोकरी करून रात्री अभ्यास करणाऱ्या, नोकरीच्या ठिकाणी मोठ्या मिनतवारीने रजा मिळवलेल्या परीक्षार्थीला प्रथम हवे असते ते त्याच्या अर्धवट राहिलेल्या पेपरचे भवितव्य : तो पुन्हा द्यायचा की नाही, केव्हा द्यायचा, आणि त्यासाठी नवा अर्ज लागेल काय. हा मजकूर खुलाशाच्या पहिल्या ओळीत असावा, हल्ल्याची हकीकत त्यानंतर यावी.

टीका करणाऱ्या विद्यार्थ्याला कारवाईचा धाक घातला म्हणजे प्रकरण मिटते, ही समजूत तर सर्वांत घातक आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात, त्या काळी ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघरात, एका नेत्याच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी फेसबुकवर शंका व्यक्त केल्याबद्दल एका तरुणीला आणि त्या मजकुराला पसंती दर्शवल्याबद्दल दुसरीला अटक झाली, आणि त्यातून उठलेला क्षोभ थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द करण्यात आले. बदनामीचा कायदा अद्याप शाबूत आहे, बनावट शिक्का उठवून परिपत्रक काढणे हा गुन्हाच आहे. परंतु आपला निकाल का लागला नाही, हा जाहीर सवाल यांपैकी कशातच बसत नाही, हे प्राचार्यांनी आणि विद्यार्थ्यांनी सारखेच ओळखले पाहिजे.

परिपत्रक संकेतस्थळावर चढवले की सर्वांना कळते, असेही मानले जाते. भिवंडीत हे मुळीच खरे नाही. यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या या शहरात मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी नांदतात, आणि घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलामुलींची संख्या येथे मोठी आहे. विद्यापीठाच्या कलिना संकुलातून निघालेल्या दप्तरी भाषेतील परिपत्रकाचा अर्थ लावण्याआधीच त्यांच्या हाती गटावरून फिरत आलेला, घरच्या भाषेतला सोपा आणि खोटा संदेश पडतो. तो अनेकदा पुढे पाठवला गेल्याची खूण व्हॉट्सअॅप दाखवते खरे, पण ती प्रसाराची खूण आहे, सत्यतेची नव्हे. जावक क्रमांक, दिनांक आणि सही पडताळून पाहण्याचे काम अखेर महाविद्यालयाच्या खिडकीवरील कारकुनालाच करावे लागते. म्हणून बी. एन. एन. महाविद्यालय असो वा जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय, विद्यापीठाचा खुलासा विद्यार्थ्यांपूर्वी त्या खिडकीवर पोहोचलाच पाहिजे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

अफवेची किंमत भिवंडीइतकी जबर फार थोड्या शहरांनी मोजली असेल. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे शहर होरपळले. पहिल्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. पुढे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, ज्यांत हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतील सामान्य माणसे पोलिसांसह, काहीही घडलेले नसताना, नियमित एकत्र बसत. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली, याचे श्रेय अनेक जण या समित्यांना देतात. कानावर आलेली वार्ता खरी की खोटी हे विचारायला ओळखीचा माणूस गल्लीतच उपलब्ध होता, आणि ती ओळख संकटाच्या रात्री नव्हे, त्याआधी अनेक महिने जडलेली होती.

विद्यापीठीय जीवनात अशी व्यवस्था उभी करण्यास नव्या कायद्याची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे; तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो, आणि तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधीला विशेष निमंत्रित म्हणून स्थान आहे. या समितीने तक्रारीची वाट न पाहता परीक्षेपूर्वीच एकदा बसावे, उर्दू आणि तेलुगू जाणणारा एकेक प्राध्यापक आणि परीक्षा विभागाचा एक कारकून सोबत घ्यावा, आणि निकालाविषयीची शंका कोणाकडे, किती वाजता विचारायची, हे प्रत्येक वर्गात जाऊन सांगावे.