धुऱ्यावरचा फुलोरा

सातपुड्याच्या पायथ्याला फेब्रुवारी संपत आला की दरवर्षी एक नवल घडतं, आणि आपण त्याच्याकडे पाहत पाहत मोठे झालो म्हणून ते नवल वाटेनासं झालंय. नाल्यातलं पाणी आटलेलं असतं, काळ्या रानाला भेगा पडायला लागतात, विहिरीचा तळ दिसू लागतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत पळस अंगावरचं एकूण एक पान टाकून शेंदरी फुलांनी भरून जातो. त्याच्या शेजारी काटेसावर, पांगारा, खडकातली धायटी. पाणी नाही तेव्हा फुलण्याचा हा हट्ट कशासाठी?

पानं हा झाडाचा पाण्याचा सगळ्यात मोठा खर्च. पानं गळाली की तो थांबतो, खोल गेलेली मुळं थोडंथोडं पाणी ओढत राहतात, खोडात ओल साठते, आणि त्या शिलकीवर झाड फुलतं. आड येणारी पानं नसल्यामुळे फुलं लांबून दिसतात. पळसाच्या शेंगा मे-जूनमध्ये पिकतात, वाऱ्यावर उडतात आणि मृगाचा पाऊस पडतो तेव्हा बी जमिनीवर तयार असतं. कोरड्या मुलखात फूल कधी उमलावं याचं हे गणित या झाडांनी आपल्याआधी फार फार पूर्वी सोडवलेलं आहे. म्हणून माश्या-फुलपाखरांसाठी बाग लावायची तर झाडं निवडताना पहिला प्रश्न ‘फूल किती सुंदर?’ हा नको. ‘हे कोणत्या महिन्यात फुलतं?’ असा हवा.

शेंदूरजनाघाटात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा जास्त टोकदार आहे. वरुड-मोर्शीचा हा पट्टा संत्र्याचा, आणि शेंदूरजनाघाट तर संत्र्याच्या कलमांचं गाव. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून तयार झालेली इथली कलमं दूरदूर जातात. बगीचा ताणावर सोडायचा आणि मग पाणी द्यायचं, की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुटतो. उन्हाळ्यात ताण बसला की पावसाबरोबर मृग बहार. त्या दिवसांत हवेत दुसरा वासच नसतो. मधमाश्यांसाठी ही वर्षातली दोन लग्नघरं. दोन्ही पंगती उठल्या की मात्र मैलोगणती हिरव्या बगीच्यात त्यांना खायला काही नसतं. झाड हिरवं असणं आणि त्यावर अन्न असणं यात फरक आहे. माशी पानं खात नाही.

मग मधल्या महिन्यांत त्या जगतात कुठे? शेताच्या धुऱ्यावर, नाल्याकाठी, ई-क्लासच्या सरकारी पडीक जमिनीवर. आपण ज्याला झाडोरा म्हणतो आणि जेसीबी आला की आधी साफ करतो, त्यावर.

या पाहुण्यांची ओळख एकदा नीट करून घ्यायला हवी. मोठ्या फांदीला किंवा पाण्याच्या टाकीखाली लोंबणारं आग्या मोहोळ सगळ्यांना माहीत असतं. झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी, तिलाच आपण पेटीत पाळतो. पण झुडपात तळहाताएवढी एकच पोळी बांधणाऱ्या इवल्याशा फुलोरी माशीकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिची पोळी उघड्यावर, आणि मुंग्या म्हणजे तिच्या वैरी. म्हणून फुलोरी माश्या झाडांचा डिंक गोळा करून आणतात आणि पोळीच्या दोन्ही बाजूंना फांदीभोवती त्याचं चिकट कडं लिंपून टाकतात. मुंगी त्या कड्यापाशी अडते. एवढ्याशा जिवाला हे कुणी शिकवलं, या विचाराने मी आजही थक्क होतो. आणि म्हणूनच मला वाटतं, की बागेत फुलांइतकंच डिंक देणारं झाड आणि न छाटलेलं एखादं दाट झुडूप हवं.

जगात माश्यांच्या वीस हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक पोळं करतच नाहीत. त्या एकेकट्या राहतात. कुणी जमिनीत बीळ करते, कुणी वाळक्या लाकडात. आपला काळा भुंगा लाकूड कोरून घर करतो. दुसरी एक माशी पानाच्या कडेचा गोल तुकडा कात्रीने कापावा तसा कापून नेते आणि त्याची पुडी करून आत अंडं घालते. वऱ्हाडातली तूर फुलली, की तिच्या पिवळ्या फुलांवर ही पानकापी माशी हमखास असते. या एकट्या माश्यांपैकी लहान जाती घरापासून काहीशे मीटरच्या पलीकडे फारशा जात नाहीत. म्हणजे अन्न आणि घर जवळजवळ हवं. सगळं आंगण फरशीने झाकलं तर जमिनीत राहणारीला जागा उरत नाही. उन्हं येतील असा मोकळ्या मातीचा एक कोपरा आणि वाळलेल्या खोडाचा एक ओंडका तसाच राहू द्यावा.

आता बहाव्याकडे या. एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ च्या आसपास असताना, हा पिवळ्या झुंबरांनी लगडतो. त्याच्या फुलात मध नाही. द्यायला आहे फक्त पराग, आणि तोही कुलुपात. फुलातले दहा पुंकेसर तीन तऱ्हांचे असतात: तीन लांब आणि वाकलेले, चार मधले, तीन अगदी खुरटे. मधल्या चौघांतला पराग बारीक छिद्रांतून बाहेर येतो, पण आपसूक नाही. भुंगा फूल घट्ट धरतो, पंख स्थिर ठेवून उडण्याचे स्नायू जोराने थरथरवतो, आणि त्या कंपनाने पराग बाहेर उडतो. तो आवाज उडण्याच्या गुंजारवापेक्षा चढा असतो. झाडाखाली उभं राहिलं तर कानाला कळतो. भुंगा मधला पराग पोटासाठी गोळा करत असतो, तेवढ्यात लांब पुंकेसर त्याच्या अंगाला दुसराच पराग फासून देतात, पुढच्या फुलासाठी. एकाच फुलात खाऊ वेगळा आणि टपाल वेगळं! ही थरथरवण्याची कला पेटीतल्या सातेरीला येत नाही. वांगं, टोमॅटो आणि रानातली रिंगणी यांचा परागही असाच कुलुपात असतो. घरामागे वांगी चांगली धरावीत असं वाटत असेल तर भुंग्याला सांभाळा.

पळसाची तऱ्हा निराळी. मधमाशीला लाल रंग दिसत नाही. माणसाला न दिसणारे अतिनील किरण मात्र दिसतात. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावून १९७३ चं नोबेल मिळवणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी त्यांची रंगदृष्टीही पारखली होती. पळसाची शेंदरी फुलं मुख्यत्वे पाखरांसाठी आहेत: शिंजीर चोच घालतो, खारही फांद्यांवरून फिरत फुलं हुंगते. परागाची ने-आण करणारे सगळे सहा पायांचे नसतात.

महिने जोडत गेलं तर निवड आपोआप होते. हिवाळ्यात कोरांटी आणि अडुळसा. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस, धायटी. मार्चपासून मोह, कडुनिंब, मग करंज, बेल, बहावा. पावसाळ्यात मुरुडशेंग, खैर, साग. ऑगस्टनंतर हिवर, बाभूळ, बोर. निर्गुडी थोडी ओल मिळाली तरी फुलत राहते. यातलं निम्मं तुमच्या धुऱ्यावर आधीच असेल. सावली करणारी आणि पाणी खाणारी झाडं बगीच्यालगत नकोत, ही बागायतदाराची हरकत रास्त आहे, विशेषतः वरुड तालुक्यात, जिथे भूजलाचा उपसा भरण्यापेक्षा जास्त आहे. मोठी झाडं नाल्याकाठी आणि उत्तरेच्या धुऱ्याला न्यावीत. बाकी धुऱ्यावर निर्गुडी आणि अडुळसा. या दोघांना शेळीसुद्धा तोंड लावत नाही, कुंपण घालण्याचं काम वाचतं. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात जगवलं की पुढे पाणी मागत नाहीत.

एक झाड इथे, एक तिथे असं मात्र लावू नये. मधमाशी एका फेरीत सहसा एकाच जातीच्या फुलांवर जाते. हे अ‍ॅरिस्टॉटलने सव्वादोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी टिपून ठेवलंय. म्हणून एका जातीची पाच-सात झुडपं एकत्र हवीत.

फुलपाखरांचा हिशेब दुहेरी. पाकोळीला मध लागतो, तिच्या अळीला ठरावीक पान. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी खातो त्या तरोट्यावर आणि बहाव्यावर पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, रुईवर केशरी-काळ्या पाकोळीच्या. संत्र्याच्या कोवळ्या कलमावर लिंबू फुलपाखराची अळी असते, आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, मग हिरवीगार. रोपवाटिकेत ती वेचावीच लागते. पण धुऱ्यावरच्या बेलावर तिला राहू द्या. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून ज्याचा मान केला, त्या निळ्या-काळ्या राणी पाकोळीची अळीही याच लिंबाच्या कुळावर वाढते.

आणि काय टाळावं? रायमुनियावर फुलपाखरं दिसतात म्हणून ती ठेवावी असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. अमेरिकेतून आलेली ही झुडपं जंगलात शिरली की खाली काही उगवू देत नाहीत. चार महिन्यांच्या मधासाठी बारा महिन्यांची झाडं जातात. दुहेरी पाकळ्यांची जास्वंदही कामाची नाही, तिचे पुंकेसरच पाकळ्या झालेले असतात. गुलमोहर मादागास्करचा, सावलीला चांगला, पण त्याच्या जागी बहावा लावता येत असेल तर बहावाच लावा. आणि बहार पूर्ण फुटलेला असताना फवारणी नको. करावीच लागली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी.

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकावाल्यांना माझी एक विनंती आहे. डोळा बांधण्यात तुमचा हात कुणी धरू शकत नाही. शेकडो जंबेरीच्या पिशव्यांच्या शेजारी पन्नास पिशव्या देशी झाडांच्या ठेवा. बहाव्याच्या काळ्या शेंगा उन्हाळ्यात झाडावरच मिळतात. बी खरबरीत दगडावर घासून रात्रभर पाण्यात ठेवलं की उगवतं. पळसाचं बी मे-जूनमध्ये गोळा करून ताजंच लावावं. निर्गुडी आणि अडुळसा तर काडीवर येतात. संत्र्याची कलमं न्यायला येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या गाडीत धुऱ्यासाठी चार रोपं टाका.