आधी चेंडू, मग वर्तुळ

बालवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यात वर्तुळ, चौकोन, त्रिकोण आधी येतात. घन, शंकू वगैरे मंडळी पुढच्या इयत्तांसाठी राखीव. मला हा क्रमच उलटा वाटतो. रांगतं मूल हाताळतं ते खुळखुळा, वाटी, डबा. जाडी नसलेला चौकोन त्याला सापडणार कुठे?

जर्मनीतल्या फ्रीडरिश फ्रोबेल यांनी हे ओळखलं होतं. १८३७ साली त्यांनी लहानग्यांसाठी जी संस्था काढली, तिलाच १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. त्यांच्या खेळसाहित्यातल्या दुसऱ्या संचात मुख्य लाकडी आकार तीनच: गोल, घन आणि वृत्तचिती. गोल कसाही ठेवा, गडगडतो. घन ठेवला तिथे बसतो. वृत्तचितीत दोघांचेही गुण. उभी केली तर बसते, आडवी केली की पळते. खरी गंमत दोरीची. घनाच्या एका पृष्ठाच्या मध्यावर दोरी अडकवून पीळ देऊन सोडला, की गरगरताना त्याच्या कडा पुसट होतात आणि हवेत चक्क वृत्तचिती दिसू लागते!

घरी एक पाट तिरका टेकवा. लिंबू, काडेपेटी, पावडरचा डबा घ्या. सोडण्याआधी विचारा, कोण गडगडेल, कोण घसरेल? ‘वृत्तचिती’ हा शब्द पाठ करून घेण्याची घाई नको, ‘डब्यासारखं’ एवढं पुरे. वाढदिवसाची कागदी टोपी मात्र जमिनीवर आडवी ढकला. ती सरळ जात नाही. तिची रुंद कड भरभर अंतर कापते, टोक जवळजवळ जागीच राहतं, म्हणून ती टोकाभोवती वळसा घेते.