पालखीतला साखरपुडा

पेणमध्ये माझा फोटो स्टुडिओ होता, रोह्यात माझ्या प्रतिस्पर्ध्याचा. पासपोर्टचे फोटो आणि लग्नं यांवर दोघांचं पोट चाले. वर्तमानपत्रांना फोटो पुरवणं ही हौस. छापून आलेल्या फोटोखाली नाव आलं की आठवडाभर चहा फुकट. पेणच्या गणपतींचे कारखाने माझे, रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी त्याची, अशी न बोलता हद्द ठरलेली. नागोठणं मात्र कायम वादातलं.

आमच्या या धडपडीला पडद्यावरचं रूप असू शकतं हे मला ‘जाने भी दो यारो’ बघून कळलं. सिनेमा 1983 चा. फोर्टात फोटोचा कागद आणि हायपो आणायला गेलो होतो, तेव्हा पाहिला. कुंदन शाह यांचा पहिलाच चित्रपट, सात लाखांच्या आतबाहेर केलेला, पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा. विनोद आणि सुधीर (नसिरुद्दीन शाह, रवी बासवानी) हे दोन भोळे फोटोग्राफर स्टुडिओ थाटतात, गिऱ्हाईक फिरकत नाही, मग ‘खबरदार’ नावाच्या नियतकालिकासाठी बिल्डरांची लफडी टिपायला लागतात. संपादिका शोभा म्हणजे आपल्या भक्ती बर्वे. ‘ती फुलराणी’ नाटकातली त्यांची मंजुळा डोक्यात ठेवून मी गेलो होतो, इथे त्याच बाई गोड हसत पुरावा विकायला निघालेल्या. खरं सांगतो, पहिल्यांदा मला ते सहनच झालं नाही.

पत्रकारांची टर उडवण्याची ही चाल जुनी आहे. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर हे दोघेही शिकागोत बातमीदारी करून आलेले. त्यांनी 1928 साली ‘द फ्रंट पेज’ हे नाटक लिहिलं. हॉवर्ड हॉक्सनी 1940 मध्ये त्यावरून ‘हिज गर्ल फ्रायडे’ काढला आणि मूळचा पुरुष बातमीदार बाई करून टाकला. फाशीचा कैदी पळतो नि कोर्टातल्या पत्रकारांच्या खोलीतच मेजाच्या पोटात लपतो. एकाच खोलीत बसून प्रत्येक बातमीदार आपापल्या फोनवर त्याच घटनेची वेगळी हकीगत सांगतो. याला मी अतिशयोक्ती म्हणणार नाही. आमच्याकडे दोन वर्तमानपत्रांत एकाच सभेची गर्दी निम्मी-दुप्पट झालेली मी वाचली आहे, आणि दोन्हीकडे फोटो माझाच होता.

पण ‘जाने भी दो यारो’तलं हसू जवळचं होतं. सिमेंट तेव्हा सरकारी नियंत्रणाखाली, परवान्यावर मिळे. ज्यांच्या कारकिर्दीत 1981 मध्ये आमच्या कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, ते बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते. जिल्ह्याचाच माणूस, त्याचा अभिमान होताच. त्याच वर्षी ऑगस्टअखेर अरुण शौरींनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अंतुल्यांच्या ट्रस्टच्या देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांची सांगड उघड केली. जानेवारी 1982 मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. त्यामुळे दीड वर्षाने पडद्यावर बिल्डर, पालिका आयुक्त आणि कोसळणारा पूल आले, तेव्हा थिएटरात कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

माझ्या धंद्याचा प्रसंग त्यात एकच, पण तो मला पाठ आहे. बागेत काढलेला फोटो मोठा करता करता मागे कोपऱ्यात खून होताना दिसतो. बागेचं नाव ॲन्टोनियोनी पार्क. कारण इटालियन दिग्दर्शक ॲन्टोनियोनीने 1966 च्या ‘ब्लो-अप’मध्ये हेच रंगवलं होतं, फक्त न हसता. निगेटिव्ह 24 बाय 36 मिलिमीटरची, टपालाच्या तिकिटाएवढी. एनलार्जरचं डोकं जितकं वर न्यावं तितकं चित्र मोठं, उजेड फिका, आणि शेवटी चेहऱ्याचा नुसता रवा उरतो. सिनेमात काम जरा लवकर उरकलंय. असो.

पुढच्याच दसऱ्यानंतर मी हद्द मोडून रोह्याला पालखीला गेलो. पालखीला मिळणाऱ्या पोलिसांच्या मानवंदनेचा फोटो हवा होता मला. ऐन वेळी रोल संपला. रोह्याचा गडी शेजारीच उभा. काही न बोलता पिशवीतून एक रोल काढून दिला. याला अचानक माणुसकी कुठून सुचली, असं वाटलं, पण मानवंदना कोण सोडतो?

रात्री लाल दिव्याखाली डेव्हलपरच्या ताटात कागद हलवू लागलो. पालखी आली. मग पालखीच्या दांडीतून एक नारळ आला, पेढ्यांचा पुडा आला, नऊवारीतली एक म्हातारी आली. काढलेलाच रोल गड्याने मला दिला होता! शेपूट आत ओढून न घेतलेला रोल नवा समजून पुन्हा भरता येतो, तसंच झालं. चडफडत एनलार्जर वर चढवला. मागच्या फळीवर न रंगवलेले गणपती. म्हणजे पेण. अजून वर. खांबाला टेकलेले कारखानदार. ‘पोरीच्या साखरपुड्याचे फोटो काढायचेच नाहीत,’ असं चार दिवसांपूर्वी मला सांगणारे!

प्रिंट लिफाफ्यात घातली, रोह्याला त्याच्याकडे पोहोचवायला एसटीच्या कंडक्टरकडे दिली. संध्याकाळी गडी स्वतःच आला. ओटीचा रोल शोधून शोधून चेहरा उतरलेला.

“दादा, निगेटिव्ह आहे ना?”

“आहे. पण त्यात धावीर महाराजही आहेत.”

दोघं मिळूनच कारखानदारांकडे गेलो. मुलीच्या आजीने प्रिंट खिडकीशी नेऊन बराच वेळ निरखली आणि साखर आणायला सांगितली. ओटी भरताना देव डोक्यावरून गेला, असा शकुन कोणाच्या नशिबी असतो? तिने मोठी प्रत मागितली, काचेच्या चौकटीत. रवा दिसेल म्हणालो, तर म्हणाली दिसू दे.

पैसे त्याने घेतले. चौकटीचे मला मिळाले.