भुतांना पुढचा भाग नव्हता तेव्हा

२०२५ च्या जानेवारीत मॅडॉक फिल्म्सने आपल्या भयविनोदी चित्रपटांची २०२८ पर्यंतची यादी तारखांसकट जाहीर केली. एकूण आठ चित्रपट. त्यात ‘भेडिया २’ आहे, ‘स्त्री ३’ आहे आणि २०२७ च्या नाताळासाठी ठरवलेला ‘महामुंज्या’ही आहे. शेवटी सगळी भुतं एकत्र येणार, म्हणून दोन महायुद्धंही आहेत. त्या वर्षीच्या दिवाळीत ‘थामा’ आला आणि यादी पुढे सरकली. ती वाचल्यापासून माझ्या मनात एक खंत घर करून बसली आहे. पिंपळावरचा मुंज्या आमच्या पिढीला आजीने सांगितला. तो कधी, कुठे गाठेल याचा भरवसा नाही, यातच त्याचा सगळा दरारा होता. आता त्याची पुढची भेट कोणत्या तारखेला, हे दोन-तीन वर्षं आधीच ठरतं.

म्हणून आज मागे वळून पाहावंसं वाटतं ते एका जवळजवळ संपलेल्या प्रकाराकडे: कमी पैशांत केलेल्या भयकथांच्या अँथॉलॉजीकडे. चार-सहा छोट्या गोष्टी, त्यांना बांधणारा एक धागा, आणि दोन तासांत खेळ खलास.

या प्रकाराचं मूळ घराणं इंग्लंडचं. ईलिंग स्टुडिओचा ‘डेड ऑफ नाइट’ १९४५ चा. पुढे १९६५ पासून दहाएक वर्षं अ‍ॅमिकस नावाच्या छोट्या कंपनीने मुख्यतः या चित्रपटांवर संसार चालवला. मिल्टन सुबॉट्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग हे तिचे दोघे मालक अमेरिकन, पण काम सगळं ब्रिटनमध्ये. त्यांना एक हिशेब नेमका उमगला होता. मोठा नट पूर्ण चित्रपटासाठी परवडत नसेल, तर त्याच्या मोजक्याच दिवसांच्या तारखा घ्यायच्या, त्याला एकच गोष्ट द्यायची आणि जाहिरातीवर नाव मात्र मोठं छापायचं. ‘डॉ. टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स’मध्ये रेल्वेच्या एका डब्यात पाच प्रवासी बसलेत आणि पीटर कुशिंग पत्त्यांवरून त्यांचं भविष्य सांगतोय. पाचही जणांचं भविष्य एकच निघतं. १९८२ च्या ‘क्रीपशो’पासून अमेरिकेत जे झालं त्यात मला फारसा रस नाही, तिथे रक्त वाढलं आणि दबा धरून बसलेली भीती कमी झाली.

अ‍ॅमिकसच्या त्या डब्यातच या प्रकाराची खरी ताकद दिसते. नेहमीच्या भयपटात आपण नायकाला ओळखतो आणि तो वाचणार हेही ओळखतो. दोन तास त्याच्यावर पैसे लावलेले असतात, पोस्टरवर तोच असतो, मग तो जाईल कुठे? वीस मिनिटांच्या गोष्टीत ही हमी नसते. दिग्दर्शकाला त्या माणसाची पुढे गरजच नसते. नामवंत नट दहाव्या मिनिटाला मेला तरी चित्रपट थांबत नाही, पुढची गोष्ट सुरू होते. त्यामुळे पडद्यावरच्या प्रत्येकाचा जीव खरोखर टांगणीला लागलेला असतो, आणि बघणाऱ्याचाही.

आपल्याकडे भुताचा धंदा उभा केला तो रामसे बंधूंनी. त्यांच्या वडिलांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर ते मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आलं. १९७० मध्ये त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ काढला. तो पडला, पण त्यातल्या मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूरच्या चोरीच्या प्रसंगाला लोक परत परत येत होते, हे मुलांनी हेरलं. १९७२ च्या ‘दो गज़ ज़मीन के नीचे’पासून कॅमेरा, ध्वनी, संकलन, लेखन, दिग्दर्शन सगळं घरातल्या घरात. मुरूडच्या नवाबाचा राजवाडा त्यांनी इतक्यांदा वापरला की माझ्या पिढीला तो आतून पाठ आहे. १९८४ चा ‘पुराना मंदिर’ तुफान चालला. त्यातला राक्षस सामरी साकारणारा अनिरुद्ध अग्रवाल रुरकीचा अभियंता होता. एवढं सगळं खरं असूनही त्यांच्या चित्रपटांत गाणी, विनोदी उपकथानक आणि हाणामारी कोंबलेली असायची, आणि अडीच तासांत भूत जेमतेम अर्धा तास. मला ते चित्रपट प्रिय आहेत, पण पूर्ण बघवत नाहीत.

रामसेंचं खरं सोनं झालं ते टीव्हीवर. या प्रकाराचं माझं आवडतं दशक सुरू होतं १९९३ मध्ये, ‘झी हॉरर शो’पासून. व्हिडिओ आणि केबलने त्यांचं थिएटरातलं गिऱ्हाईक पळवलं होतं. तेव्हा तुलसी आणि श्याम रामसे त्याच केबलवर आले. आता गाणी नको होती, वितरकाला हवी असलेली हाणामारी नको होती. एक गोष्ट काही आठवड्यांत संपायची आणि पुढची नव्या माणसांची, नव्या घराची सुरू व्हायची. आमच्या गल्लीत केबल एकाच घरी होती. शेजारच्या काकू जेवणं उरकली की बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकायच्या आणि आम्ही सात-आठ मुलं भिंतीला पाठ लावून बसायचो, म्हणजे मागून कुणी येऊ नये. पडद्यावर फार काही घडत नसे. निळा उजेड, जमिनीलगत धूर, दाराची कडी आपोआप हलतेय आणि एक बाई जिना उतरतेय. त्या जिन्यावर कॅमेरा किती वेळ रेंगाळायचा! तो उशीर मुद्दाम केलेला असो की एपिसोडची मिनिटं भरायला, आमच्या पोटात गोळा येण्याशी मतलब होता.

१९९५ मध्ये सोनीवर बी. पी. सिंग यांचं ‘आहट’ आलं. सुरुवातीला त्यात गुन्हे आणि रहस्य जास्त होतं, मग भुतांनी जागा घेतली. ‘आहट’मध्ये भूत हवेलीतून निघून फ्लॅटमध्ये आलं, लिफ्टमध्ये आलं, ऑफिसातल्या फोनमध्ये आलं. वाड्याचा खर्च परवडत नव्हता हे त्याचं कारण असणार, पण फायदा आमचा झाला. आमच्याकडे हवेली नव्हती, जिना आणि टेलिफोन होते. तेव्हापासून रात्री फोन वाजला की उचलायला कुणी पुढे होत नसे.

हे का संपलं, तेही सांगितलं पाहिजे. २००० साली रोजच्या कौटुंबिक मालिकांची लाट आली. एकच घर, एकच कुटुंब, एकदा उभारलेला सेट आणि वर्षानुवर्षं तीच माणसं. त्याउलट भयकथांच्या मालिकेला दर गोष्टीला नवे नट लागतात, नवी जागा लागते, नवा लेखक लागतो. हिशेबात ती टिकणं शक्य नव्हतं. ‘श्श्श्श... कोई है’ २००१ मध्ये आली, तोवर वाहिन्यांना कायमचा नायक हवाच होता. त्यातून विक्राल आणि गब्राल हे भुतं पकडणारे निघाले. दर आठवड्याला भूत हरणार हे ठरलेलं. आज ज्याला युनिव्हर्स म्हणतात त्याचं बी तिथे पडलं असं मी मानतो. भुताशी लढायला पगारी माणूस नेमला, तेव्हाच भीतीचं बस्तान उठलं.

आणि नेमक्या त्याच पडझडीत, २५ जुलै २००३ ला, ‘डरना मना है’ प्रदर्शित झाला. निर्माते राम गोपाल वर्मा, दिग्दर्शक प्रवाल रमण. वर्मांचा ‘भूत’ दोनच महिने आधी येऊन गेला होता, तोही बिनगाण्यांचा. ‘डरना मना है’त सात मित्रांची गाडी जंगलात बंद पडते. पडक्या वास्तूत शेकोटी पेटवून ते एकमेकांना गोष्टी सांगतात आणि मध्येच एकेक जण अंधारात नाहीसा होतो. सहा गोष्टी. सैफ अली खान, नाना पाटेकर, विवेक ओबेरॉय, शिल्पा शेट्टी, बोमन इराणी, रघुवीर यादव, अंतरा माळी, सोहेल खान. एका चित्रपटाला न परवडणारी ही पलटण अ‍ॅमिकसच्याच हिशेबाने जमली.

त्यातली सफरचंदाची गोष्ट मला आजही तोंडपाठ आहे. शिल्पा शेट्टी बाजारात जाते. राजपाल यादवच्या गाडीवर टपोरी, लालबुंद, संशय यावा इतकी स्वस्त सफरचंदं आहेत. ती घरी आणते. पुढचं सगळं घरात, जिन्यात आणि बाजारात घडतं. ज्यांनी फळ खाल्लं ती माणसं दिसेनाशी होतात, आणि शेवटी नवऱ्याच्या जागी तिला एक सफरचंद मिळतं. या गोष्टीत संगणकाची करामत नाही, मेकअप नाही, रक्ताचा थेंब नाही. खर्च आठवडी बाजारातल्या पिशवीएवढा. तरी पुढचे काही दिवस माझ्या आईने आणलेल्या फळांकडे मी नीट बघितल्याशिवाय हात लावला नाही. आफताब शिवदासानीच्या गोष्टीत त्याने मान हलवली की समोरची माणसं जागच्या जागी थिजतात. हेही कसं केलं? नटांना हलू नका म्हणून सांगितलं. आणि रघुवीर यादवचा मास्तर: वर्गातली एक मुलगी गृहपाठाच्या पानावर ‘ॐ’ लिहिते आणि तिचं सगळंच बरोबर येतं, एवढ्यावरून त्याच्या डोक्यात किडा शिरतो. एका वहीतून चांगल्या माणसाला वेड लागताना दाखवायचं, हे काम रघुवीर यादवने कपाळावरच्या घामातून आणि पडेल आवाजातून केलं.

सगळ्याच गोष्टी चांगल्या नव्हत्या. नव्यानेच लग्न झालेल्या जोडप्याची गोष्ट मला तेव्हाही पोकळ वाटली. पण हाच तर या प्रकाराचा मोठेपणा. एक गोष्ट फसली तर वीस मिनिटांत सुटका होते आणि पुढच्या गोष्टीत वेगळी भीती वाट बघत असते. तेव्हा अनेकांनी या चित्रपटाला तुकड्यांची गोधडी म्हणून बाजूला सारलं. तिकीट खिडकीवर तो बेताचाच चालला. काही वर्षांनी एका फिल्म सोसायटीत मी भयकथांच्या चार चित्रपटांची मालिका सुचवली होती. ‘डेड ऑफ नाइट’ त्यांनी लगेच घेतला. ‘डरना मना है’चं नाव काढताच विषय बदलला. तो राग अजून गेलेला नाही. इंग्रजी चित्रपट जुना झाला की अभिजात, हिंदी चित्रपट स्वस्तात केला की हलका, हा न्याय मी मान्य करत नाही. दोन्हींचं तंत्र एक होतं, गरज एक होती, आणि आमच्या रघुवीर यादवला त्यांच्या कुणापुढे कमी लेखायचं कारण नाही.

२००६ च्या ‘डरना ज़रूरी है’त दिग्दर्शक सात झाले, अमिताभ बच्चन आले, रितेश देशमुख आला. साजिद खानच्या गोष्टीत मनोज पाहवा ‘डरना मना है’ बघायला कब्रस्तानातून वाट काढत जातो, तेवढी मला आवडली. बाकीचा चित्रपट पहिल्याच्या जवळपासही जात नाही. मग मल्टिप्लेक्सचं तिकीट महागलं आणि एवढे पैसे मोजून छोटी गोष्ट कोण बघणार, असं निर्मात्यांनीच ठरवून टाकलं. १ जानेवारी २०२० ला नेटफ्लिक्सवर ‘घोस्ट स्टोरीज’ आला. चार मोठे दिग्दर्शक, अडीच तासांच्या आसपास लांबी. दिबाकर बॅनर्जींची गोष्ट अंगावर येते. उरलेल्या तिघांना गोष्ट कुठे थांबवायची तेच कळलं नाही. पैसा आणि वेळ दोन्ही हाताशी असले की कात्री चालवायला कुणी धजत नाही.

दरम्यान तुलसी रामसे डिसेंबर २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ च्या सप्टेंबरात, आणि १७ मे २०२० ला रत्नाकर मतकरी. मतकरींचं जाणं मला या मागोव्यात सगळ्यात जास्त सलतं. मराठीत ही छोटी भयकथा किती रुजली होती! ‘नवल’च्या दिवाळी अंकासाठी घरात भांडणं व्हायची. नारायण धारप होते, मतकरी होते. मतकरींची ‘गहिरे पाणी’ मालिका बघितलेल्यांना वेगळं काही सांगायला नको. त्यांच्या गोष्टीत भूत बहुधा दिसतच नाही. दिसतो तो मध्यमवर्गीय घरातला एखादा शहाणासुरता माणूस आणि त्याच्या हातून नकळत घडलेलं काहीतरी. कमी बजेटच्या चित्रपटाला याहून सोयीचं काय असू शकतं? तरी मराठी निर्मात्यांनी या ठेव्याकडे जवळजवळ पाठच फिरवली.

२०२४ चा ‘मुंज्या’ आपल्या माणसाने, आदित्य सरपोतदारने केला, कोकणात केला, आणि त्यातलं कोकण खरं आहे. त्याचा मला आनंद आहे. पण त्यातला मुंज्या संगणकाने घडवलेला आहे, तो सतत दिसतो आणि बडबडतो, आणि चित्रपट संपल्यावर भेडिया येऊन पुढच्या भागाची वर्दी देऊन जातो. प्रत्येकाला पुढच्या चित्रपटासाठी राखून ठेवायचं असेल, तर कुणाचंच काही बिघडू शकत नाही. आणि कुणाचंच काही बिघडणार नसेल, तर मी घाबरायचं कशासाठी? ‘स्त्री’ २०१८ मध्ये आला तेव्हा तो एकटा होता, त्याच्या शेवटाला धार होती. युनिव्हर्समध्ये गेल्यावर ती धार राहिली नाही.

विनोदाशिवाय भीती विकली जात नाही, हे आता निर्माते ठामपणे सांगतात. त्यांना ‘तुंबाड’ची आठवण करून द्यावीशी वाटते. धारपांच्या ‘आजी’ या कथेचं ऋण असलेला हा चित्रपट २०१८ मध्ये थोडक्यात आटोपला, आणि १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. त्यात विनोद नव्हता.

म्हणून मराठी निर्मात्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मतकरींच्या दोन कथा घ्या, धारपांची एक घ्या, एखाद्या नव्या लेखिकेची एक घ्या. हक्कांचे पैसे त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना नीट द्या. दिग्दर्शक चार नवे घ्या. रंगभूमीवरच्या चांगल्या नटांचे थोडेच दिवस घ्या, ते आनंदाने देतील. एक वाडा, एक फ्लॅट, एक एसटी स्टँड पुरेल. कथा वीस मिनिटांत संपवा, ज्याला मारायचं त्याला मारा, आणि श्रेयनामावलीनंतर काहीही दाखवू नका. तिकीट काढून आम्ही येऊ. ‘तुंबाड’साठी सहा वर्षांनी आलोच होतो.